उभा ऊस, चालू दावा आणि कोर्टाचा रिसीव्हर

समजा, न्हावऱ्याच्या शिवारात वडिलोपार्जित चार एकरांत आडसाली ऊस उभा आहे. वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, जमीन मात्र धाकटा भाऊ कसतो. दौंड तालुक्यात दिलेल्या बहिणीने शिरूरच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो तिला जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्के केले. तेव्हा तिच्या हिश्शाबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो दरम्यानच्या काळाचा. दावा त्याच्या चालीने चालणार: समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपास. ऊस सोळा-अठरा महिन्यांत तोडीला येणार. तोड लांबली की तुरा येतो, वजन घटते, उतारा पडतो. कारखान्याच्या शेतकी खात्यात नोंद भावाच्या नावाने, म्हणजे बिलही त्याच्याच खात्यावर. बहीण म्हणते, माझ्या हिश्शाचे पैसे खाल्ले जाणार. भाऊ म्हणतो, बेणे माझे, खत माझे, चासकमानच्या आवर्तनाला रात्रभर बांधावर उभा मी राहिलो.

अशा वेळी वकील एक अर्ज सुचवतात: कोर्ट रिसीव्हर नेमा.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील ऑर्डर ४० अवघ्या पाच नियमांची आहे. न्यायालयाला न्याय्य आणि सोयीचे वाटेल तेव्हा, हुकूमनाम्याआधी किंवा नंतर, कोणत्याही मिळकतीवर रिसीव्हर नेमता येतो. ज्याच्या हातात मिळकत आहे त्याच्याकडून ती काढून रिसीव्हरच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली देता येते. भाडे गोळा करणे, पीक विकणे, दुरुस्ती करणे, दावे लावणे आणि लढवणे, दस्तऐवजांवर सह्या करणे, यांपैकी जेवढे अधिकार न्यायालय देईल तेवढेच त्याला मिळतात. आदेशात लिहिलेले नाही ते त्याला करता येत नाही. रिसीव्हर मिळकतीचा मालक होत नाही आणि ज्याने अर्ज केला त्याचा माणूसही होत नाही. ताबा न्यायालयाचा, हात त्याचे. त्याला अडवणे म्हणजे न्यायालयाला अडवणे. अडवणाऱ्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते. रिसीव्हरवर दावा लावायचा तर आधी नेमणाऱ्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती आधी घेतली नाही म्हणून दावा कायमचा बाद होत नाही, नंतरही घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने एव्हरेस्ट कोल कंपनीच्या निकालात सांगितले आहे.

तालुक्याच्या कोर्टात कोर्ट कमिशनर आणि रिसीव्हर यांची हमखास गल्लत होते. कमिशनर ऑर्डर २६ खाली येतो. बांध कुठे आहे, विहीर कोणाच्या गटात आहे, पीक काय उभे आहे हे पाहतो, पंचनामा करतो, अहवाल देऊन निघून जातो. रिसीव्हर आला की मिळकतीची जबाबदारी त्याच्या अंगावर येते आणि हिशेब पुरा होईपर्यंत सुटत नाही.

या भागाला कोर्टाने जमीन ताब्यात घेण्याची ओळख जुनी आहे, आणि ती कडवट आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला. कर्ज साधारण दीडशे रुपयांचे. घराचा ताबा घेऊन सावकाराने ते पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला, तो आसपासच्या गावांत पसरला आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात गेलेले प्रकरण ते हेच. त्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

त्या कायद्याचे बाविसावे कलम आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. जी जमीन खास गहाण दिलेली नाही ती हुकूमनाम्यापोटी विकता येणार नाही. मात्र शेतकऱ्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या पोटापाण्याला लागते तेवढी सोडून उरलेली जमीन कलेक्टरने जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घ्यावी आणि तिचे उत्पन्न सावकाराच्या पैशांकडे वळवावे, अशी सोय त्यात होती. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पैसे फिटतात, दोघांच्या मधे एक तिसरा हात येतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून पुढे काम केले. तो कायदा आता राहिलेला नाही. पण ऑर्डर ४० चा पाचवा नियम आजही सांगतो की सारा भरणाऱ्या जमिनीवर, कलेक्टरची संमती असेल तर, न्यायालय त्यालाच रिसीव्हर नेमू शकते. प्रत्यक्षात कलेक्टर कचेरीकडे स्वतःचीच कामे इतकी असतात की हा नियम फार कुणी वापरायला जात नाही.

घोड नदी ओलांडून नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गेलो की याहून मोठे उदाहरण सापडते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या कारभाराचा वाद मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात गेला होता, आणि १९७० च्या दशकात संस्थानचा कारभार न्यायालयाने नेमलेला कोर्ट रिसीव्हर पाहत होता. देवस्थानाची दानपेटी, भक्तनिवास, कर्मचाऱ्यांचे पगार, सगळे त्याच्या सहीने चाले. संस्थानच्या ‘साईलीला’ मासिकाच्या त्या काळातल्या अंकांवर संपादक म्हणून रिसीव्हरचे नाव छापलेले आहे. पुढे न्यायालयाच्या योजनेनुसार व्यवस्थापन मंडळ आले आणि २००४ साली राज्य सरकारने संस्थानसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे चार एकर उसापासून देशभरातून भक्त येतात अशा देवस्थानापर्यंत कायदा तोच, नियम तेच पाच.

मुंबई उच्च न्यायालयात हे पद कायमचे आहे. कोर्ट रिसीव्हरचे तिथे स्वतंत्र कार्यालय आहे आणि हा अधिकारी न्यायालयाच्या आस्थापनेवरचा. भागीदारी फुटलेल्या पेढ्या, रखडलेल्या इमारती, घरमालकांच्या वारसांत अडकलेल्या चाळी त्याच्याकडे जातात. नकली ब्रँडचा माल पकडायलाही न्यायालय त्यालाच पाठवते. समोरच्याला आधी न कळवता छापा पडतो आणि गोदामाला सील लागते.

मुंबईच्या या व्यवहारातली एक युक्ती आपल्या भागाने उचलण्यासारखी आहे. रिसीव्हर कागदावर ताबा घेतो, पण जो आधीपासून तिथे बसला आहे त्यालाच आपला एजंट म्हणून ठेवतो. एजंटने दरमहा ठरलेली रॉयल्टी भरायची, अनामत ठेवायची, तिसऱ्याला आत घ्यायचे नाही. दुकान चालू राहते, कामगार राहतात, आणि ज्याचा हक्क सिद्ध होईल त्याच्यासाठी पैसे न्यायालयात साठत जातात. मूळ मालकी वादात असताना धंदा बंद पाडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

रिसीव्हर मागितला की मिळतो, असे मात्र कोणी समजू नये. मद्रास उच्च न्यायालयाने १९५५ साली कृष्णस्वामी चेट्टी विरुद्ध तंगवेलू चेट्टी या निकालात यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना चक्क ‘पंच सदाचार’ म्हटले. देशभरातली न्यायालये आजही त्यांचाच आधार घेतात. नेमणूक न्यायालयाच्या विवेकावर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी भक्कम हवी. दोघांचे दावे परस्परविरोधी आहेत एवढे पुरत नाही. मिळकतीला धोका आहे, ती उधळली जाते आहे, हे दाखवावे लागते. जो प्रत्यक्ष वहिवाटीत आहे त्याला उठवल्याने भरून न येणारे नुकसान होणार असेल तर न्यायालय हात आखडते घेते. आणि अर्जदाराचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत, त्याने उगाच उशीर केलेला नसावा.

आपल्या उदाहरणात खरी अडचण चौथ्या कसोटीची आहे. भाऊ सहहिस्सेदार आहे, घुसखोर नाही. सहहिस्सेदाराच्या ताब्यातून जमीन काढायला न्यायालये सहसा राजी नसतात. एकट्याने उत्पन्न घेतले तर निकालानंतर वासलातीच्या, म्हणजे मधल्या काळातल्या उत्पन्नाच्या, चौकशीत त्याचा हिशेब काढता येतो, असे उत्तर मिळते. वासलात ठरेपर्यंत आणि दरखास्तीतून वसूल होईपर्यंत किती वर्षे जातात, हे मात्र ज्याने अनुभवले त्यालाच विचारावे. म्हणून बहिणीने काय दाखवायचे? भावाने जमीन गुपचूप तिसऱ्याला ठरवली आहे, विहिरीची मोटार आणि पाइप विकले आहेत, मागच्या दोन हंगामांची बिले उचलून एक पैसाही दिलेला नाही, किंवा ऊस दुसऱ्याच्या नावाने घातला आहे. अशी कागदी गोष्ट हातात असेल तर अर्जाला वजन येते. ‘भाऊ बोलत नाही’ एवढ्यावर रिसीव्हर मिळत नाही.

आणखी एक मर्यादा आहे, ती लोक विसरतात. ज्याला जमिनीवरून काढण्याचा दाव्यातल्या कोणत्याही पक्षकाराला आज हक्क नाही, अशा माणसाला रिसीव्हर आणूनही काढता येत नाही. कायदेशीर कूळ असेल तर कूळ राहणारच. रिसीव्हर फार तर त्याच्याकडून खंड घेईल.

समजा नेमणूक झाली. मग काय घडते?

आधी जामीनकी. मिळणाऱ्या रकमेचा हिशेब देईन, असे बंधपत्र रिसीव्हरला द्यावे लागते. त्याचा नमुना संहितेच्या जोडपत्रातच आहे. मग तो बेलिफाबरोबर किंवा पंच घेऊन शेतावर जातो. क्षेत्र किती, लागण कधीची, आडसाली की खोडवा, ऊस पडला आहे का, मोटार, ठिबकच्या नळ्या, शेडमधली अवजारे यांची यादी करतो, फोटो काढतो, सह्या घेतो. पहिल्या दिवसाचा हा कागद पुढच्या सगळ्या भांडणांवरचा उतारा असतो, म्हणून घाई करणारा रिसीव्हर पुढे पस्तावतो. नंतर कारखान्याच्या शेतकी खात्याला आदेशाची प्रमाणित प्रत देऊन नोंद रिसीव्हरच्या नावे करून घ्यावी लागते. नोंद कोणत्याही कारखान्याची असो, त्याचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी नोंदीच्या नावानेच फाडतो. नोंद बदलली नाही तर आदेश कोर्टाच्या फायलीत आणि बिल भावाच्या खात्यात, असे होते.

तोडणीच्या दिवशी टोळी येते, ऊस तुटतो, वाढे कोणाच्या जनावरांना जायचे यावरूनही वाद होतो. तुटलेला ऊस लगेच गाळपाला जायला हवा, एरवी तासातासाला वजन आणि साखर दोन्ही उतरतात. त्या दिवशी तारीख मागायला कोणी कोर्टात जात नाही. म्हणूनच आदेशात आधी लिहून घ्यावे लागते: ऊस कोणत्या कारखान्याला, वजनाच्या पावत्या कोणाकडे, बिल कोणत्या खात्यात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवले तर रिसीव्हरनेच पुण्याच्या साखर संकुलात साखर आयुक्तांकडे अर्ज करायला हवा, कारण मिळकतीचे येणे वसूल करणे हे त्याचेच काम.

सगळ्यात नाजूक भाग पीक कर्जाचा. विकास सोसायटीचे कर्ज भावाच्या नावाने आहे आणि ते उसाच्या बिलातून कापले जाते. ते कापल्यावर वाटायचे, की पूर्ण रक्कम आधी न्यायालयात जमा करायची? कर्ज खरोखर याच उसासाठी वापरले असेल तर ते आधी कापणे न्यायाचे. त्या पैशांतून ट्रॅक्टरचा हप्ता भरला असेल तर नाही. रिसीव्हरने हे स्वतः ठरवू नये. छोटा अहवाल द्यावा आणि न्यायालयाकडून सूचना घ्यावी. चांगला रिसीव्हर ओळखायचा तो त्याच्या अहवालांच्या फायलीवरून.

आता ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी. दिवाणी रिसीव्हर होण्यासाठी परीक्षा नाही, परवाना नाही, ठरलेली पदवी नाही. कायद्याने योग्य आणि निःपक्ष माणूस हवा, एवढेच. व्यवहारात तालुक्याच्या कोर्टात बहुतेकदा वकिलांनाच नेमतात, कधी कोर्टाच्या नाझराला. हिशेब गुंतागुंतीचा असेल तर चार्टर्ड अकाउंटंट, मिळकत मोठी असेल तर निवृत्त न्यायाधीश. दोन्ही बाजू नावे सुचवू शकतात, एका नावावर जमले तर न्यायालय सहसा तेच घेते. दोघांची संमती असेल तर पक्षकारालाही रिसीव्हर करता येते, पण मग त्याला हिशेब त्रयस्थासारखा द्यावा लागतो आणि मेहनतान्याची अपेक्षा सोडावी लागते.

नव्या वकिलाने आधी कोर्ट कमिशनरची कामे घ्यावीत. वेळेवर, मुद्देसूद आणि दोन्ही बाजूंना न बोचणारा अहवाल देणारा माणूस न्यायाधीशांच्या लक्षात राहतो, आणि रिसीव्हरचे नाव सुचवायची वेळ आली की बारमधल्या लोकांनाही तोच आठवतो. कॅशबुक लिहिता आले पाहिजे. स्वतःच्या खात्यात मिळकतीचा एक रुपयाही येता कामा नये. शिरूर-दौंडकडे भावकी आणि पाहुणे यांचे जाळे इतके दाट आहे की नेमणूक घेण्याआधी आपले नाते, पूर्वीचे वकीलपत्र, कारखान्यातले संचालकपद किंवा सोसायटीतले पद उघड सांगणे केव्हाही बरे. मागाहून समोरच्याने ते उकरून काढले तर नेमणूक जातेच, शिवाय नावाला लागलेला डाग पुढच्या कामांनाही चिकटतो.

मेहनताना न्यायालय ठरवते आणि तो बहुधा मिळकतीच्या उत्पन्नातून जातो. त्यातून गडगंज व्हायचे असेल तर हे क्षेत्र नव्हे. जोखीम मात्र पक्की. हिशेब दिला नाही, पैसे भरले नाहीत किंवा जाणूनबुजून केलेल्या कसुरीने वा घोर निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर न्यायालय रिसीव्हरची स्वतःची मिळकत जप्त करून विकू शकते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या व्याख्येत न्यायालयाने नेमलेला रिसीव्हर नाव घेऊन लोकसेवकांत धरला आहे. तेव्हा एका बाजूने ‘चहापाण्याचे’ घेतले तर ते दिवाणी प्रकरण राहत नाही.

परीक्षा देऊन जायचे असेल तर रस्ता वेगळा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपन्यांसाठी नोंदणीकृत दिवाळखोरी व्यावसायिक असतात. वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट म्हणून दहा वर्षांचा अनुभव, दिवाळखोरी मंडळाची परीक्षा आणि नोंदणीपूर्वी किमान ५० तासांचा अभ्यासक्रम अशी ती वाट आहे. सहकारी संस्थेवर राज्याच्या सहकार कायद्याखाली येणारे प्रशासक आणि अवसायक हे आणखी वेगळे. त्यांना न्यायालय नेमत नाही, सहकार खाते नेमते. बँकेचा अधिकारी थकीत कर्जापोटी कारखान्याला कुलूप लावायला येतो तोही रिसीव्हर नव्हे. जमिनीवरून हाणामारीची वेळ आली आणि ताबा कोणाचा हेच कळेना, तर कार्यकारी दंडाधिकारी मिळकत जप्त करून तिच्यावर रिसीव्हर ठेवू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४५ आणि १४६ कलमांखाली होई, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १६४ आणि १६५ खाली होते. डिसेंबर १९४९ मध्ये अयोध्येतील वादग्रस्त वास्तू जप्त होऊन फैजाबाद नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे रिसीव्हर म्हणून गेली ती याच वाटेने.

माझे मत विचाराल तर आपल्याकडे रिसीव्हरचा अर्ज फार वेळा धाक म्हणून केला जातो. सगळी जमीन, सगळी घरे, विहीर, गोठा, सगळ्यांवर रिसीव्हर नेमा, अशी मागणी वाचली की न्यायाधीशांना पहिल्या पानावरच सुडाचा वास येतो. शिवाय कसणारा हात काढून घेतला की जमीन पडीक जाते आणि रिसीव्हरचा मेहनताना दोघांच्याही हिश्शातून जातो. त्यापेक्षा मागणी अरुंद ठेवावी: फक्त उभा ऊस, फक्त हा हंगाम, भाऊच एजंट, बिल थेट कोर्टात. संहितेच्या व्याख्येत उभे पीक जंगम मालमत्ता धरले आहे, त्यामुळे नाशवंत म्हणून ते विकून रक्कम न्यायालयात ठेवण्याचा आदेश ऑर्डर ३९ खाली रिसीव्हरशिवायही मागता येतो. बहिणीला जमीन सरस-निरस मानाने वाटून मिळेल तेव्हा मिळेल. पैसे तरी तोवर जागेवर राहतील.

अर्ज लागण झाल्यावर करा, तोड सुरू झाल्यावर नको. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि तालुक्याच्या न्यायालयाने दिलेला रिसीव्हर नेमण्याचा आदेश मान्य नसेल तर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे.